समुद्राकडे तोंड केलेलं घर

तारनाक्याच्या घरातून समुद्र दिसत नव्हता, हे आधी स्पष्ट करते. माझा धाकटा भाऊ विलास ही गोष्ट सांगतो तेव्हा त्या घराच्या गच्चीवरून लांब एक निळी रेघ दिसते आणि ऐकणारी मंडळी माना डोलावतात. हैदराबादपासून सर्वांत जवळचा समुद्र रात्रभराच्या रेल्वेप्रवासाइतका लांब आहे. गच्चीवरून दिसायची ती रेल्वे क्वार्टरांची छपरं, त्यांच्यामागे विद्यापीठाची झाडी, आणि उन्हाळ्यात त्या झाडीवर तरंगणारी धूळ. विलासच्या गोष्टीत, त्या घरात शिरायच्या दिवशी दूध तापताना बघायला जमलेल्या माणसांची संख्याही दर दिवाळीला वाढते. गेल्या वर्षी ती चाळीसवर गेली. ते स्वयंपाकघर दहा बाय नऊचं होतं आणि त्यातला एक कोपरा पाण्याच्या हौदाने खाल्लेला होता. चाळीस माणसं तिथे एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली असती तरच मावली असती. आम्ही घरचे चौघं, घरमालकीण आणि तिचे यजमान, एवढेच होतो. माझी सगळी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे मला हे असं चालत नाही. निदान एक प्रत खरी असावी, म्हणून लिहायला बसले आहे.

तेव्हा आम्ही गौलीगुड्यात राहत होतो. बसस्टँडपासून आत, भांड्यांच्या दुकानाच्या वर, दोन खोल्या आणि मागे सामाईक सज्जा. खाली सकाळपासून पोचे काढायच्या लाकडी हातोड्यांची टकटक चालायची. ती इतकी अंगवळणी पडली होती की सणाला दुकान बंद असलं की आम्हाला झोपेतून जाग यायची. सज्ज्यावर चार बिऱ्हाडं होती, चारही मराठवाड्यातली. कुणाचं गाव परभणीकडे, कुणाचं नांदेडकडे, पण अंबाडीची भाजी सगळ्यांकडे एकाच दिवशी शिजायची, कारण भाजीवाली सज्ज्याखाली एकदाच बंडी थांबवायची. आईचं सगळं जग त्या सज्ज्यावर होतं. ज्वारी कुठे चांगली मिळते, कोणत्या घरात सून नांदत नाही, कुठल्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे, हे सगळं तिला जागेवरून न उठता कळत असे. ती शहरात वीस वर्षं राहिली होती, पण तिचं शहर म्हणजे तो सज्जा, खालचा बाजार आणि कोठीच्या चौकापर्यंतचा रस्ता. त्याच्यापुढे तिच्या मते परमुलूख सुरू होत होता.

आणि दूध. माझ्या आईचं आणि दुधाचं नातं समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. मल्लेश गवळी पहाटे खाली म्हैस आणून उभी करायचा आणि आई सज्ज्यावरून वाकून बघायची, की तो पहिल्या धारेआधी चरवी उपडी करून दाखवतो की नाही. मग दूध वर आलं की ती स्टोव्हपाशी उभी राहायची आणि तापेपर्यंत कुणाचं काही ऐकायची नाही. एकदा शेजारच्या काकू घरात साप निघाला म्हणून ओरडत आल्या, तर आई म्हणाली, आले, दूध वर यायला लागलंय. साप नव्हता, दोरी होती, म्हणजे आईचा अंदाज बरोबरच निघाला. दूध काठापर्यंत फुगून यायचं, साय ताणली जायची, आणि आता गेलंच असं आपल्याला वाटायच्या क्षणी आईचा हात फडक्यासह पुढे यायचा आणि पातेलं उचललं जायचं. आधी कधीच नाही, कारण मग साय नीट धरत नाही. नंतर कधीच नाही, कारण उतू गेलेल्या दुधाबरोबर घरातलं काहीतरी जातं, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. काय जातं, हे तिने विचारलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, जातं म्हणजे जातं, सगळ्याचं गणित नसतं.

गणिताचा टोमणा मला होता. मी बी.एस्सी. झाले होते, गणितात वरच्या नंबराने, आणि मला विद्यापीठात संख्याशास्त्राला प्रवेश मिळाला होता. आमच्या घरात तोवर कुणी मुलीने इतकं शिकणं म्हणजे काय हे पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याविरुद्ध काय बोलायचं हेही कुणाला सुचत नव्हतं. गावाकडचे मोठे काका मात्र तयारीचे होते. त्यांनी वसमतकडचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा तालुक्याला खताच्या दुकानात हिशेब ठेवायचा. काकांचं म्हणणं, पोरीला आकडेच पाहिजेत ना, मग तिथंही आकडेच आहेत. दादा म्हणजे माझे वडील सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते. ते मोठ्या भावाला तोंडावर कधी नाही म्हणत नसत, पण हो म्हणायलाही भरपूर वेळ लावत. त्यांनी मला एकच अट घातली. आमची प्रात्यक्षिकं संध्याकाळी असायची, मशिनवर आकडेमोड करायची ती, आणि ती सुटून गौलीगुड्याला पोचेपर्यंत चांगला अंधार पडणार होता. बसस्टँडमागच्या त्या गर्दीतून मुलीने अंधारात यायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. विद्यापीठाजवळ घर मिळालं तर शीक, नाही मिळालं तर काकांना कळवतो, असं ते म्हणाले. माझा पुढचा सगळा जन्म एका भाड्याच्या घरावर येऊन थांबला होता. आईने त्या दिवशी दूध दोनदा तापवलं.

घरं बघायला दादा आणि मी जायचो. दादा खिशात कापडी टेप घेऊन यायचे, आणि घरमालक आमची जात, नोकरी, माणसं मोजत असताना आम्ही त्यांच्या खोल्या मोजायचो. अर्ध्या तासात दोन्ही बाजूंना आकडे पसंत नसायचे. असं आठ-दहा ठिकाणी झाल्यावर दादांच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या एका साहेबांचा निरोप आला, की विद्यापीठाजवळ तारनाक्याला आमच्या घराचा खालचा मजला रिकामा होतोय. साहेबांना सगळे रावगारू म्हणत. घर त्यांचं होतं असं कागदावर असेल. प्रत्यक्षात ते त्यांच्या बायकोचं होतं, आणि ती दारात उभी राहिली की रावगारू स्वतःही पाहुण्यासारखे चपला काढून आत जात.

सत्यवतम्मा विशाखापट्टणच्या. शहराबाहेर, समुद्रापासून दोन गल्ल्या आत त्यांचं माहेरचं घर होतं, आणि नवऱ्याच्या नोकरीपायी सिकंदराबादला येऊन पडल्यावर जेव्हा स्वतःचं घर बांधायची वेळ आली, तेव्हा त्यांनी गवंड्याला माहेरच्या घराचा नकाशा तोंडी सांगितला आणि वीटसुद्धा बदलू दिली नाही. भरतीचं पाणी येऊ नये म्हणून जोतं कमरेइतकं उंच. वारा यावा म्हणून पूर्वेला लांबरुंद व्हरांडा आणि जाड गोल खांब. खारी हवा आत येऊ नये म्हणून खिडक्यांना लाकडी पट्ट्यांची झडपं. खाऱ्या हवेने लोखंड गंजतं म्हणून सगळ्या कड्या-बिजागऱ्या पितळेच्या. आमच्या दख्खनच्या खडकाळ माळावर खारी हवा कुठून येणार, असं दादांनी फार अदबीने विचारलं. त्या म्हणाल्या, आली तर? आवारात दोन नारळ होते. त्यांना मुठीएवढी फळं धरायची, तरी त्या पाडणाऱ्याला दर वर्षी बोलावत. आणि संपूर्ण घराला, फरशीपासून अंगणापर्यंत, पूर्वेकडे उतार होता, कारण माहेरी सगळं पाणी समुद्राकडे जायचं. इथे ते शेजाऱ्यांच्या भिंतीशी जाऊन थांबे आणि त्यावरून वर्षातून एकदा भांडण होई.

दुपारी चारच्या सुमारास सत्यवतम्मा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत आणि वाऱ्याची झुळूक आली की डोळे मिटून म्हणत, 'समुद्रम् गालि.' समुद्राचं वारं. रावगारू वर्तमानपत्र खाली न करता 'हूं' म्हणत. इतक्या वर्षांनी मला वाटतं, सुखी संसाराचं ते एक उत्तम उदाहरण होतं.

आमचं सगळं जुळलं. मासे शिजवले तर चालेल का, असं दादांनी भीत भीत विचारलं, तर त्यांनी उलट आम्हालाच सुनावलं, की इथल्या तळ्यातल्या मासळीला चिखलाचा वास येतो, शिजवायची तर आमच्याकडची सुकी घ्या. अट एकच होती. आषाढ तोंडावर आला होता, आणि आषाढात घर बदलत नाहीत. म्हणून त्याआधीचा शेवटचा चांगला दिवस धरून, दुपारच्या आत, घरच्या बाईने येऊन नव्या चुलीवर दूध तापवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं. मग सामान. ही रीत आता सगळ्यांना माहीत आहे आणि मराठी घरांतही बऱ्याच ठिकाणी असते, पण आमच्या घरात नव्हती. आमच्याकडे नव्या घरात पुरणाचा नैवेद्य दाखवत आणि दुधाला त्याच्या जागी राहू देत. दादांनी घरी येऊन आईला नीट समजावून सांगितलं. आई म्हणाली, उतू घालवायचं म्हणजे? दादांनी परत सांगितलं. आई म्हणाली, बरं. माझ्या आईच्या तोंडून 'बरं' आलं की विषय संपला, असं आम्ही समजत होतो. तो विषय आज चाळीस वर्षांनंतरही संपलेला नाही.

त्या सकाळी आम्ही रिक्षाने निघालो. आईच्या मांडीवर नवं स्टीलचं पातेलं, आणि पायाशी मल्लेशच्या दुधाची किटली, कारण तारनाक्याला दुधात काय घालतात ते देव जाणे. विलास पुढे रिक्षावाल्याला खेटून बसला होता आणि त्याला रस्ता दाखवत होता, जो त्याला माहीत नव्हता. सज्ज्यावरच्या बाकीच्या तिन्ही बिऱ्हाडांतल्या बायका खाली उतरून उभ्या होत्या. शेजारच्या काकूंनी आईच्या कपाळी कुंकू लावलं आणि म्हणाल्या, आता आमचं दूध उतू जाताना कुणाला हाक मारायची? आई हसली. मग कोठी ओलांडेपर्यंत ती दोन्ही हातांनी पातेलं धरून समोर बघत बसली.

नव्या स्वयंपाकघरात सत्यवतम्मांनी जमिनीवर रांगोळी काढून त्यावर स्टोव्ह ठेवायला जागा केली होती. आईने स्टोव्ह पेटवला, हळदीकुंकू वाहिलं, पातेलं चढवलं. आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. दुधाकडे इतकी माणसं टक लावून बघत आहेत, हे त्या दुधाला समजलं असावं, कारण ते तापायला फार वेळ लावत होतं. रावगारूंनी दादांना ऑफिसातल्या एका जुन्या फायलीबद्दल विचारलं. विलासने जांभई दिली. मग कडेला बारीक बुडबुडे आले, साय हलली, वर यायला लागली, फुगली, काठाशी आली. सत्यवतम्मांनी हात जोडले. आणि आईचा हात फडक्यासह पुढे गेला आणि तिने पातेलं उचललं.

अगदी वेळेवर. एक थेंब सांडला नाही.

आईच्या हातातलं दूध हळूहळू खाली बसलं. सत्यवतम्मांनी जोडलेले हात सोडले आणि नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, 'पालु पोंगलेदु.' दूध उतू गेलं नाही. मग आम्हाला कळावं म्हणून सिकंदराबादेत शिकलेल्या आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, 'घर नक्को बोला. हम क्या करना? घरच नक्को बोला.' त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त भीतिदायक होतं. राग असता तर दादांना तो शांत करता आला असता.

दादांनी प्रयत्न केला. व्हरांड्यात रावगारूंना बाजूला घेऊन ते सांगू लागले, की ही केवळ सवय आहे, बाईमाणूस वीस वर्षं रोज हेच करत आलीय, यात घराची इच्छा कुठे आली. रावगारूंना ते पटलं होतं, पण त्यांना पटण्याचा काही उपयोग नव्हता. तेच दूध परत तापवू, असं दादा म्हणाले, तर सत्यवतम्मांनी मान हलवली. एकदा उतरलेलं दूध परत चढवत नाहीत. श्रावणात बघू, त्या म्हणाल्या. श्रावणापर्यंत माझी जागा दुसऱ्या कुणाला गेली असती आणि काकांना पत्र. मला आठवतं, मी दाराच्या पितळी कडीला धरून उभी होते आणि ती सारखी वर-खाली करत होते. स्वयंपाकघरात आई पातेलं समोर ठेवून जमिनीवर बसली होती. तिच्या तोंडावर मला अपराधी भाव दिसेना. मला काहीच दिसेना. मी आत गेले आणि विचारलं.

'तू मुद्दाम केलंस का?'

तिने माझ्याकडे पाहिलं. उठली, तापलेलं दूध विलासच्या हातात देऊन त्याला पिऊन टाक म्हणाली, किटली विसळली आणि बाहेर पडली. दादा मागून म्हणाले, अगं कुठं? ती कुठे जाणार होती? तिला तारनाक्याला उत्तर कुठे आणि दक्षिण कुठे माहीत नव्हतं. तिला तेलुगूचे शब्द यायचे ते सगळे भाजीचे. मी निघाले तर दादांनी मला थांबवलं. विलासच्या गोष्टीत इथे ती दोन तास बेपत्ता असते आणि पोलिसांत जायचं ठरतं. तसं काही झालं नाही. पण दुपार जवळ येत होती, सत्यवतम्मा मधूनमधून सूर्याकडे बघत होत्या, आणि विलास पातेल्यातलं दूध पीत होता. त्याने ते सगळं संपवलं. घरावर एवढं संकट असताना त्याला साखर हवी होती, हे त्याच्या गोष्टीत येत नाही.

आई आली तेव्हा तिच्या पदराला गवताच्या काड्या होत्या आणि किटलीत फेस होता. नंतर कळलं, तिने रस्त्यात शेण पाहिलं आणि त्याच्या मागे मागे गेली. रेल्वे क्वार्टरांच्या पाठीमागे एका बाईच्या दोन म्हशी होत्या. ती म्हशी पिळायची वेळ नव्हती, पण आई ऐकेना. कोणत्या भाषेत ऐकेना, हे कळायला मार्ग नाही. शेवटी त्या बाईने चरवी पुढे केली, तेव्हा आईने खूण करून ती आधी उपडी करायला लावली. एवढ्या घाईतही.

पुन्हा स्टोव्ह पेटला, पुन्हा हळदीकुंकू, पुन्हा आम्ही गोल उभे. साय हलायला लागली तशी आई माझ्याकडे वळली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

'शोभे, धर माझे हात,' ती म्हणाली. 'घट्ट धर.'

मी धरले. दूध वर येऊ लागलं. ते काठाशी आलं तेव्हा माझ्या मुठीत तिचे हात ओढ घेऊ लागले. मी खोटं सांगत नाही, ती माझ्याकडे बघत होती, दुधाकडे नाही, आणि तरी दूध नेमकं कुठवर आलंय ते तिच्या हातांना कळत होतं. भाकऱ्या थापून घट्टे पडलेले ते हात होते. मला सगळा जोर लावावा लागला.

'जा,' आई म्हणाली.

आणि दूध गेलं. स्टोव्हवर चर्र झालं, करपट गोड वास भरला, रांगोळीवरून पांढरी धार जमिनीवर आली आणि वाट काढत दाराकडे निघाली. सत्यवतम्मा वाकून बघत होत्या. धार उंबऱ्यापाशी थबकली, वळली आणि व्हरांड्याच्या दिशेने गेली. 'तूर्पु,' त्या म्हणाल्या. पूर्व. त्यांचा चेहरा उजळला. 'समुदर की तरफ गया. बहुत अच्छा घर है बोला तुमको.' त्या घरात सांडलेली कुठलीही गोष्ट पूर्वेलाच जाते, कारण फरशीलाच तसा उतार आहे, हे दादांना आणि मला माहीत होतं. आम्ही टेप लावून तो मोजलाही होता. सत्यवतम्मांना तर ते सर्वांत आधी माहीत होतं, त्यांनीच तो करवून घेतला होता. आज विचार करते तेव्हा वाटतं, दुधाने कुठे जायचं हे त्यांनी बांधकाम चालू असतानाच ठरवून ठेवलं होतं. फक्त ते एकदा उतू जायला हवं होतं.

आम्ही त्याच दिवशी सामान आणलं. मी दोन वर्षं विद्यापीठात झाडीतून चालत जाऊन-येऊन शिकले आणि अंधार पडायच्या आत घरी असायची, प्रात्यक्षिकाचे दिवस सोडून. तेव्हा आई पुढच्या फाटकाशी उभी असायची आणि मी दिसले की आपण तिथे तुळशीला पाणी घालायला आलो होतो असं दाखवायची. तुळस मागच्या दाराला होती. दर रविवारी ती दादांना घेऊन गौलीगुड्याला ज्वारी आणायला जायची. ज्वारी तारनाक्यालाही मिळत होती. पुढे पुढे सत्यवतम्मांशी तिचं असं काही जुळलं की दोघी चारच्या वाऱ्याला व्हरांड्यात बसू लागल्या. एक तेलुगूत बोलायची, एक मराठीत, आणि मध्ये सुपात अंबाडी, जिला त्या गोंगूरा म्हणत. झुळूक आली की आईसुद्धा डोळे मिटायची. समुद्र तिने तोवर पाहिला नव्हता.

प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा विचारलं, तर म्हणाली, सवयीचा हात, दुसरं काय. माझ्या लग्नात विचारलं, तर म्हणाली, मुद्दामच केलं, बघ आता काय करतेस. माझी मुलगी जुई झाली तेव्हा विचारलं, तर म्हणाली, तुझ्या डिग्रीत याचं गणित शिकवलं नाही का? आता ती ऐंशीच्या पुढे आहे, आमच्याकडेच असते, आणि अजून संध्याकाळी गॅसपाशी उभी असते. पिशवीचं दूध, ज्याला साय धरत नाही. तरी हात तोच, वेळ तीच. दोन उलट उत्तरांपैकी एक तर खोटं असणार, हे मी तिला नोकरीतल्या अधिकारवाणीने सांगून पाहिलं आहे. ती म्हणते, असंच काही नाही.

गेल्या महिन्यात जुई नोकरीसाठी विशाखापट्टणला गेली. हैदराबादेत तिला दोन नोकऱ्या मिळत होत्या. मी त्यांची तुलना करून कागदावर मांडूनही दिली होती. तिने तिसरी घेतली. शहराबाहेर, टेकडीच्या उतारावर नवी वस्ती झाली आहे, सगळ्या इमारती नव्या आणि सगळ्यांना समुद्राची नावं. तिथे तिने सहाव्या मजल्यावर घर भाड्याने घेतलं. घर लावून द्यायला मी जायला निघाले तेव्हा आई पलंगावरून म्हणाली, हात बांधून उभी राहा. मी म्हटलं, मी काय तू आहे?

जुईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन इमारतींच्या मधल्या फटीत खरोखर निळी रेघ दिसते. विलासला कळवलेलं नाही. खिडकीचा खटका लोखंडी आहे आणि आत्ताच तांबूस झालाय. दूध उतू घालायचं जुईनेच ठरवलं. तिच्या ऑफिसातल्या मुली म्हणाल्या होत्या, इथे सगळे करतात. तिने मोबाइल ओट्याला टेकून ठेवला, म्हणजे आजीला हैदराबादेतून बघता येईल. पातेलं चढवलं. मी शेजारी उभी होते आणि मनात तिच्या घराचं भाडं चटईक्षेत्राने भागत होते. बाहेर समुद्राचा आवाज येत होता, किंवा हमरस्त्याचा. सहाव्या मजल्यावर दोन्ही सारखेच लागतात.

'मम्मी.'

मी पाहिलं. दूध काठाशी थांबलेलं होतं आणि खाली बसत होतं. गॅस बंद होता. गॅसच्या बटणावर माझा हात होता.

चाळीस वर्षांत मिळाली नसेल अशी संधी समोर असून फोनमधली माझी आई गप्प राहिली, याची मी नोंद घेतली आहे.

'जानबूझके किया क्या?' जुईने विचारलं. ती हसत होती, पण पूर्ण नाही.

मी खरं उत्तर द्यायचं म्हणून विचार केला. दोन्ही बाजू तपासल्या. ताळा जमेना.

'दुसरी पिशवी काढ,' मी म्हटलं, आणि तिच्यापुढे दोन्ही हात धरले. 'आणि हे घट्ट धर.'